संगणकाला स्पीकर: कोणते घ्यावेत आणि जोडावेत कुठून?

तापीकाठ
घरच्या डेस्कटॉपला स्पीकर घ्यायचे आहेत. बजेट सात-आठ हजार. खोली १० बाय १०, वर स्लॅब, टेबल भिंतीला टेकलेलं. मदरबोर्डला मागे हिरवा, निळा, गुलाबी असे तीनच जॅक. मॉनिटर एचडीएमआयवर आहे, त्याला हेडफोनचं एक भोक आहे. वापर म्हणजे गाणी, सिनेमे आणि अहिराणी वहीगायनाच्या (डफावरच्या लोकगायनाच्या) रेकॉर्डिंगची थोडी काटछाट.

सध्याचा जुना २.१ संच (दोन डबे आणि एक सबवूफर) सतत घूंऽऽ करतो, आणि माऊस हलवला की बारीक किरकिर येते.

दुकानात तीन पर्याय दिसले: असेंबल्ड ५.१ होम थिएटर (पाटीवर १२०० वॉट), ब्लूटूथ साउंडबार आणि नुसत्या दोन डब्यांचे बुकशेल्फ. यातलं काय घ्यावं? जोडणी साध्या पिनेने, यूएसबीने, ऑप्टिकलने की ब्लूटूथने? आणि नवे स्पीकर आणले की ही गुणगुण जाईल का?

शेवभाजी_जास्त_तर्री
आधी हे सांगा भाऊ, एकट्याने ऐकायचं आहे की कानबाईच्या मिरवणुकीत लावायचं आहे? १२०० वॉट म्हणजे घरातला कूलर, मिक्सर आणि वर दोन पंखे. तेवढं खाणारा डबा टेबलावर ठेवलात तर भरीतही त्यावरच भाजता येईल.

सोल्डरवाला
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. गुणगुण नव्या स्पीकरने जाईलच असं नाही. आधी ती कुठून येते ते पाहा.

स्पीकर चालू ठेवून ऑडिओची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाइलमध्ये घाला. मोबाइल बॅटरीवर हवा, चार्जर लावायचा नाही. पिन हवेत लोंबकळत ठेवून तपासू नका, मोकळी पिन हाताला लागली की कोणताही अँप्लिफायर घूं करतोच.

मोबाइलवरही तेवढीच गुणगुण असेल तर दोष स्पीकरच्या आत आहे. बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर (२२०० किंवा ४७०० मायक्रोफॅरड) वाळलेला असतो. डोकं फुगलेलं दिसलं की बदला, पण न फुगताही तो वाळतो. बदलताना १०५ डिग्रीचा घ्या, ८५ चा नको. तापमान १० डिग्रीने वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतल्या डब्याच्या आत काय होत असेल ते सांगायला नको.

मोबाइलवर शांत आणि कॉम्प्युटरवर घूं असेल तर स्पीकर निर्दोष आहे. तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगला दोन वाटांनी जोडलं गेल्याने येणारी गुणगुण.

भुसावळ_जंक्शन
सोल्डरवाला, पहिला भाग मान्य. शेवटच्या वाक्याला हरकत. जुन्या २.१ ला बहुतेक टू-पिन असते. स्पीकरला अर्थिंगच नाही, मग लूप पुरा कुठून होणार? लूपसाठी अर्थला दोन वाटा लागतात.

सोल्डरवाला
बरोबर पकडलंत. टू-पिन स्पीकर असेल तर दुसरी वाट शोधावी लागते. उदा. सेट-टॉप बॉक्स त्याच मॉनिटरला किंवा स्पीकरच्या दुसऱ्या इनपुटला जोडलेला असेल, तर केबलच्या जाळीतून अर्थ येतो. तापीकाठ, स्पीकरला पिना किती आणि मॉनिटरला आणखी काही जोडलंय का?

तापीकाठ
स्पीकरला टू-पिन. मॉनिटरला फक्त कॉम्प्युटर. मोबाइलवर लावून पाहिलं, एकदम शांत. आणखी एक: सीपीयूच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं.

वायरमन_आप्पा
हे शेवटचं वाक्य पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आता स्पीकर राहू द्या बाजूला.

एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, गोंगाट अर्थमध्ये सोडायला. अर्थ जोडलेला असेल तर ते गपगुमान काम करतात. अर्थ तुटलेला असेल तर बॉडीवर निम्मा व्होल्टेज, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर येऊन बसतो. करंट अगदी कमी असतो, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात. तोच करंट ऑडिओ वायरच्या जाळीतून स्पीकरच्या अँप्लिफायरकडे जातो. घूं तिथूनच येतंय, त्याला लूपची गरज नाही.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवा, सीपीयूची पिन त्याच बोर्डात चालू असू द्या आणि शेजारच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. चांगल्या घरात पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत येतं. मीटर धरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच धाडस नको.

कळण्याची_भाकर
तोवर पत्र्याला हात लागला तरी मुंग्या येऊ न देण्याचा एक गावठी उपाय म्हणजे पायात चप्पल घालून बसणे. :)

वायरमन_आप्पा
ताई, त्याने मुंग्या जातील, घूं नाही जाणार. आणि एक सगळ्यांनाच सांगतो: गुणगुण घालवायला थ्री-पिनची वरची जाड पिन कापायची नाही. कित्येक ठिकाणी हा उपाय सांगतात आणि त्याने कधीकधी आवाज खरंच थांबतोही. मात्र उद्या फेज बॉडीला लागला तर त्याला जायला फक्त तुमचा हात उरतो.

केळीचं_घड
अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर: काळ्या मातीत पावसाळ्यात उत्तम असलेला अर्थ वैशाखात मरतो. भेगा पडल्या की माती पाइपपासून सुटते. पाइप निदान अडीच मीटर खोल हवा, वरच्या फनेलमधून उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी एक-दोन बादल्या पाणी सोडावं. मीठ-कोळसा भरतात खरा, पण मिठाने पाइपही खातो. हल्ली खड्ड्यात बेंटोनाइट माती घालतात, ती ओल धरून ठेवते.

वायरमन_आप्पा
सहमत. फक्त एवढं, की निम्म्या घरांत खड्डा ठीक असतो आणि बोर्डातली हिरवी वायरच स्क्रूतून निसटलेली असते. आधी बोर्ड उघडायचा, कुदळ नंतर.

सातपुड्याचा_वारा
आता किरकिरीचं. माऊस हलवल्यावर किंवा पान सरकवल्यावर जी चिरचिर येते ती अर्थची नसते. तो बोर्डवरच्या डिजिटल गोंगाटाचा ऑडिओच्या ग्राउंडमध्ये झिरपलेला भाग. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलं असेल तर आधी मागच्या हिरव्याला लावा. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डच्या एचडी ऑडिओ पिनांपासून पंखे आणि यूएसबीच्या वायरींना घासत अख्ख्या कॅबिनेटमधून फिरते. निळा लाइन-इन आहे आणि गुलाबी माइक, तिथे स्पीकर लावून आवाज कमी येतो म्हणणारेही भेटतात.

मग आवाजाचे तीन नळ तपासा. विंडोजचा व्हॉल्यूम ८०-९० टक्के, प्लेअरचा पूर्ण, कमी-जास्त करायचं ते स्पीकरच्या खटक्याने. लोक उलटं करतात: कॉम्प्युटर २० वर आणि स्पीकर फुल्ल. मग गाणं आणि किरकिर दोन्ही सारख्याच पटीने मोठी होतात. साउंड सेटिंग्जमध्ये लाइन-इन आणि माइकचं 'लिसन टू धिस डिव्हाइस' चालू नाही ना, तेही पाहा.

अंजनीकाठ
फुकटचा प्रयोग: मॉनिटरच्या हेडफोन भोकातून आवाज घ्या. एचडीएमआयमधून आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर जातो आणि ध्वनी मॉनिटरमध्ये तयार होतो, म्हणजे कॅबिनेटमधला गोंगाट टळतो. विंडोजमध्ये आउटपुट म्हणून मॉनिटर निवडावा लागेल. (उलट तक्रारही याच्यामुळेच येते: 'नवा मॉनिटर लावला आणि स्पीकर मेले'. विंडोजने आपणहून आउटपुट मॉनिटरवर नेलेलं असतं.) मॉनिटरमधलं सर्किट बहुधा साधंच असतं, कायमचा उपाय म्हणून नको. निदान करायला मात्र छान.

गिरणामाय
यूएसबीचा छोटा डॅक (आकड्यांचा ध्वनी करणारा डबा) का नको? बोटाएवढी डोंगल, एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला ३.५ चं भोक. हजाराच्या आसपास येते आणि ऑनबोर्डपेक्षा शांत असते.

भुसावळ_जंक्शन
किरकिरीला चालेल, घूंला नाही. यूएसबीची निगेटिव्ह वायर कॉम्प्युटरच्या बॉडीशी जोडलेलीच असते. अर्थचा गोंधळ यूएसबीतूनही तसाच पुढे जातो. वायरचा संबंध खरोखर तोडणाऱ्या नेहमीच्या गोष्टी तीन: ऑप्टिकल (काच-प्लॅस्टिकमधून उजेड जातो, तांबं नाही), ब्लूटूथ आणि ऑडिओ ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. शेवटचा स्वस्त मिळतो, पण आतला ट्रान्सफॉर्मर बोराएवढा असला की खालचे सूर खातो. ढोल असलेलं गाणं लावून घेण्याआधी आणि घेतल्यावर ऐका, फरक कळेल.

ऑप्टिकलचा एक घोळ लक्षात असू द्या. तो स्टिरिओ निर्मळ नेतो, पण ५.१ फक्त डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबून भरलेलं नेतो. गेमचं किंवा साधं ५.१ त्यातून सरळ जात नाही. आणि तापीकाठ यांच्या बोर्डला तीनच जॅक म्हणजे बहुधा ऑप्टिकल नाहीच.

शेवभाजी_जास्त_तर्री
ब्लूटूथ घ्या की मग. वायर नाही, अर्थ नाही, आप्पा नाहीत.

गिरणामाय
सिनेमाला चालेल, बरेच प्लेअर चित्र मागे ओढून जुळवून घेतात. काटछाटीला अजिबात नाही. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची पद्धत) आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. डफाच्या थापेवर कट मारायला जाल आणि दर वेळी पुढचा बोल कापाल. शिवाय माइक असलेला ब्लूटूथ स्पीकर असेल तर ऑनलाइन मीटिंगमध्ये विंडोज त्याला हँड्सफ्री करून टाकतं. मग आवाज मोनो आणि टेलिफोनसारखा. 'स्पीकर बिघडला' म्हणून दुकानात परत नेतात ते यातलेच.

सोल्डरवाला
आता १२०० वॉटकडे. पाटीवर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली पॉवर) लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्यायचा, त्याला मोजण्याची कुठली एकच पद्धत नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर बघा. तेही लिहिलेलं नसेल तर मागची पाटी वाचा: आत येणारी पॉवर किती? अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट २ अँपियर असेल तर आत येतात २४ वॉट. बाहेर त्याहून जास्त कुठून निघणार?

असेंबल्डमध्ये झाकण उघडून अँप्लिफायरच्या आयसीवरचा नंबर वाचता आला तर उत्तमच. ४४४० असेल तर १३ व्होल्टच्या आसपास दोन बाजूंना सहा-सहा वॉट, दोन्ही बाजू एकत्र जोडून (ब्रिज करून) १९. टीडीए २०३० असेल तर एका आयसीला १४-१८. ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरांची जोडी असेल तर माल दमदार, पण ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकही तेवढे हवेत. हल्लीच्या ३११६ आयसीच्या बोर्डांचंही गणित सोपं आहे. व्होल्टेजचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्टवर ८ ओहमला नऊच वॉट. तोच बोर्ड २४ व्होल्टवर ३० च्या घरात जातो. 'बोर्ड ५० वॉटचा आहे पण दम नाही' म्हणणाऱ्याने राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलेला असतो.

आणि एवढं हवंय कोणाला? ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८६ डेसिबल देतो, म्हणजे चांगलाच मोठा आवाज. टेबलावर तुम्ही त्याहून जवळ बसता. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला १० लागतात, म्हणजे दहापट वॉट.

कळण्याची_भाकर
काय भो, त्या पाटीवरचा एक शून्य दिवाळीला लावला असंल आणि एक आखाजीला.

अंजनीकाठ
५.१ बद्दल एक मुद्दा राहिला. तीन जॅकच्या बोर्डवर ५.१ निघतं: रिअलटेकच्या सेटिंगमध्ये निळा मागच्या स्पीकरांना आणि गुलाबी सेंटर-सबला देता येतो. मग माइकला पुढचा जॅक. पण गाणी मुळात दोन चॅनेलची. सहा डब्यांत तीच दोन वाटून काय मिळणार? १० बाय १० मध्ये मागचे दोन डबे कानाला चिकटतात, आणि त्या पैशात सहा हलके डबे येतात. दोन बरे घ्या.

सातपुड्याचा_वारा
+१. खोलीचंही ऐका. लांबी १० फूट, रुंदी १० फूट आणि स्लॅबही १० फुटांवर असेल तर तो चौकोनी डबाच झाला. ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट आकार नाही. समोरासमोरच्या भिंतींत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो आणि तिन्ही दिशांना तोच. मोठा सबवूफर तिथे दणका देत नाही, नुसता बूंऽऽ करतो. (उन्हाळ्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि हा सूर एक-दीड हर्ट्झने वर जातो. उपयोग काही नाही, सांगावंसं वाटलं.)

धाब्याच्या (मातीच्या छताच्या) जुन्या घरांत हे कमी जाणवतं. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी कड्यापाट बराच आवाज पितात. स्लॅबच्या खोलीत गाद्यांची चळत कोपऱ्यात उभी केली तरी फरक पडतो. नुसता पडदा वरचे सूर मऊ करतो, खालच्यांना हात लावत नाही.

केळीचं_घड
मांडणी: दोन स्पीकरांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून कानापर्यंत. टेबलावर ८०-९० सेंमी पुरे. लहान गोल ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. टेबलावर तो छातीला येतो, म्हणून पुढची कड जाड रबराने उचलून थोडा वर तिरपा करा. मागे हवेचं भोक असलेला डबा भिंतीला टेकवू नये, १५-२० सेंमी सोडा. टेबल भिंतीला लागूनच ठेवायचं असेल तर पुढे भोक असलेला घ्या.

कूलरच्या झोतात स्पीकर नको. ओली धूळ व्हॉल्यूमच्या खटक्यात बसते आणि फिरवला की खरखर करते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून खटका वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवायचा, खरखर जाते. साधं गंजाचं तेल मारू नका, धूळ चिकटून आणखी चिखल होतो. कूलर चालू-बंद करताना स्पीकरमध्ये टक्क होत असेल तर कूलर वेगळ्या बोर्डावर न्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर भणभणतात, तो दोष इन्व्हर्टरचा.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. मापं घेतली. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११२.

वायरमन_आप्पा
घ्या. दोघांची बेरीज बघा, २३०. अर्थ हवेत आहे, मीटरला दिसतोय तो तुमच्याच एसएमपीएसचा. मेन स्विच पाडून बोर्ड उघडायला सांगा. हिरवी वायर जागेवर असेल तर ती मागे मेन बोर्डापर्यंत तपासायची, मग खड्डा. काम झाल्यावर वायरमनकडून १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून घ्या. पूर्ण पेटला तर अर्थ खरा. मिणमिणला तर मीटरवर २३० दिसले तरी खोटा. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल, पडायलाच हवी.

शेवभाजी_जास्त_तर्री
स्पीकरच्या धाग्यात खड्डा खणून झाला. आता कोणी तरी स्पीकर सांगा रे!

भुसावळ_जंक्शन
सांगतो. १० बाय १० ची खोली, जवळून ऐकणं, वर काटछाट: चार इंची वूफरचे दोन डबे, स्वतःचा अँप्लिफायर आतच असलेले. एडिफायर आर १२८० टी हा या वर्गातला नेहमीचा नमुना. दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस, हवेचं भोक पुढे, मागे आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या) इनपुटच्या दोन जोड्या. एकीला कॉम्प्युटर, दुसरीला टीव्ही. त्याचा डीबी नावाचा भाऊ ऑप्टिकल आणि ब्लूटूथ देतो, पण तुमच्या बोर्डला ऑप्टिकल नसेल तर वरचे पैसे कशाला? भाव हलत असतात, सणाच्या सवलतीत बघा. प्रीसोनस एरिस ३.५ काटछाटीला जास्त सरळ बोलतात, पण बजेटच्या वर जातील. डफाची थाप चार इंचीत स्वच्छ कळते. डीजेचा ४० हर्ट्झचा दणका कळणार नाही, आणि तुमच्या खोलीत तो नकोच आहे.

बजेट निम्मं असतं तर यूएसबीवरचे छोटे क्रिएटिव्ह पेबल म्हटलं असतं. जुन्या यूएसबीचं भोक ५ व्होल्टवर अर्धा अँपियरच देतं, म्हणजे अडीच वॉट. जवळ बसून बोलणं-गाणं ऐकायला तेवढं पुरतं.

सोल्डरवाला
दुकानात जाताना जळगावला गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याला आग्रा रोडवर कुठेही गेलात तरी स्वतःचं ओळखीचं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा. दुकानदाराचं गाणं लावू देऊ नका. एक संथ आवाजाचं, एक ढोलाचं. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून कान लावा, सूंऽऽ किती येतो ते कळतं. वूफरची कड बोटाने हलके दाबा: रबर हवा. फोमची कड आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होते.

वायरी: ३.५ ते दोन आरसीएची दीड-दोन मीटर पुरे. लाल उजवा, पांढरा डावा. डब्याला डबा जोडायची स्पीकर वायर २३/७६ ची घ्या (पहिला आकडा आतल्या बारीक तारांचा), म्हणजे सुमारे ०.६७ चौरस मिमी. १४/७६ सुद्धा दोन-तीन मीटरला चालते, ४०/७६ लांब खोलीला. प्लस-मायनस दोन्हीकडे सारखे ठेवा. एका बाजूला उलटले तर ढोल पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता कुठूनही येतो. सोन्याचा मुलामा असलेल्या महाग पिनांना हात लावू नका.

सातपुड्याचा_वारा
काटछाटीसाठी विंडोजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. फॉरमॅट २४ बिट ४८००० हर्ट्झ ठेवा आणि एडिटिंगच्या प्रोजेक्टलाही तोच दर द्या. जुनी रेकॉर्डिंग ४४१०० ची असतील तर प्रोजेक्ट आणि विंडोज दोन्ही ४४१०० वर. लाउडनेस इक्वलायझेशन व्याख्यानं ऐकायला बरं, वहीगायनाला नको. मंद आणि जोरकस थाप एकाच मापाची करून टाकतं.

तापीकाठ
बोर्ड उघडला. हिरवी वायर सॉकेटमध्ये होती, पण मेन बोर्डापाशी नुसती गुंडाळून ठेवलेली. अर्थच्या पट्टीला जोडली. आता फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ १.६, बल्ब पूर्ण पेटला. मुंग्या गेल्या, घूं गेलं. पुढच्या जॅकवरून मागच्या हिरव्यावर आलो तर किरकिरही जवळजवळ गेली. ट्वीटरला कान लावला तरच ऐकू येते.

जुना २.१ आता बरा वाजतोय. चार इंचीचे दोन डबे सणापर्यंत थांबून घेईन म्हणतो.

शेवभाजी_जास्त_तर्री
आप्पांनी दुकानदाराचं गिऱ्हाईक घालवलं! आठ हजार वाचले, भरीत पार्टी कधी?

कळण्याची_भाकर
वांगी बामणोदची आणा. आणि मिरच्या भाजताना स्पीकर बाहेर ठेवा, ठसक्याने गायक खोकायचा.